डुकराची किडनी माणसाला: नक्की काय बदलतात त्या डुकरात?

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन अडीच वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, तेही कणकवलीला. पहाटेची एस.टी. धरायची, चार तास मशीनवर, दुपारच्या गाडीने परत. घरी येऊन अंग टाकलं की तो दिवस गेला. लघवी जवळजवळ बंदच झाली आहे, त्यामुळे दिवसभराचं पाणी सगळं मिळून एक लिटर. मी सकाळी स्टीलच्या तांब्यात मोजून भरते. चहा दिला की तेवढं पाणी तांब्यातून काढून टाकते, आमटी वाढली की तेवढं. रात्री तळाशी जे उरेल त्यावर गोळ्या. दारात नारळ आहेत, पण पोटॅशियममुळे शहाळ्याचा घोटसुद्धा चालत नाही. जन्मभर हापूसची बाग केलेला माणूस, आता डॉक्टरांना विचारून एखादी फोड खातो.

मी माझी किडनी द्यायला तयार होते. माझा रक्तगट बी, ह्यांचा ओ. जमणार नाही म्हणाले. सासूबाई ७८ वर्षांच्या, दिरांना मधुमेह.

गेल्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलाने मोबाइलवर बातमी दाखवली, अमेरिकेत डुकराची किडनी माणसाला बसवली म्हणून. सगळ्या वॉर्डात तोच विषय. हे घरी येऊन गप्प होते. रात्री म्हणाले, "डुकराचे जीन बदलतात म्हणजे नक्की काय करतात, विचार की कोणाला तरी." म्हणून विचारते. डुक्करच का? काय बदलतात? आणि सुरक्षित म्हणतात ते खरंच आहे का? व्हॉट्सॲपवरचं नको. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

---

तांडेल | सोमवार, रात्री ११:०५

वयनी, वाचून काळजात कायतरी झाला. माझो चुलतो चार वर्सां त्याच मशीनार होतो.

आमच्याकडे डुकर म्हटलो की भातात शिरलेलो रानडुकर. एका रातीत वाफोच्या वाफो उलथून टाकता. त्याचा काळीज नायतर किडनी माणसाक लावतत ह्या ऐकान माका पयल्यांदा कसातरीच झाला, खोटा कशाक सांगू. पण चुलत्याचा तोंड आठावला आणि गप रवलंय. जाणकारांनी सांगा, आमीय वाचतो.

---

कोशिका | मंगळवार, सकाळी ७:४५

ताई, मी मूळची दापोलीची, सध्या पुण्यात प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनात आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला देणार नाही. पण डुकरात काय बदलतात ते सांगू शकते, आणि त्याचं अर्धं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

तुमचा बी आणि ह्यांचा ओ का जमत नाही? रक्तगट म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची एक साखर. बी गटात त्या साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोजचा एक कण जास्त असतो. ओ गटात तो नसतो, म्हणून ओ गटाचं रक्त त्या कणाला परका समजतं आणि त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी लहानपणापासून बाळगून असतं. ही साखर फक्त तांबड्या पेशींवर नसते, किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असते. तुमची किडनी तशीच जोडली तर ह्यांचं रक्त त्या अस्तरावरच तुटून पडेल.

आता डुकराकडे या. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. ती तुमच्या बी गटाच्या साखरेची अगदी चुलत बहीण. गाय, म्हैस, कुत्रा, उंदीर, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांत ती असते. माणसात नाही, वानरांत नाही, आणि आपल्या बागेत आंबे फस्त करणाऱ्या माकडांतही नाही. आपल्या आतड्यातल्या काही जिवाणूंवर मात्र तशीच साखर असते, त्यामुळे आपलं शरीर रोजच्या रोज तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवत राहतं. म्हणून साध्या डुकराची किडनी माणसाला जोडली तर काही मिनिटांत, फार तर काही तासांत ती काळीनिळी पडून बंद होते. कितीही औषधं द्या.

ही साखर बनवणारं एक जनुक आहे. ते बंद पाडलं की साखर बनतच नाही. हे जनुक पूर्ण बंद असलेली डुकरं २००२-०३ मध्येच जन्मली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात डॉ. रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी अशाच डुकराची किडनी मेंदूमृत व्यक्तीला, घरच्यांच्या संमतीने, बाहेरून जोडून पाहिली. ५४ तास ती काम करत होती. लघवी येत होती. काळी पडली नाही.

डुक्करच का, याचं कारण साधं आहे. अवयवांचा आकार आपल्याएवढा, एका वेळी आठ-दहा पिल्लं, आणि वाढ भराभर. माकडाचे अवयव जास्त जवळचे वाटतात, पण मोठी वानरं संख्येने थोडी, हळू वाढणारी, आणि त्यांचे रोग आपल्याला सहज लागू शकतात.

---

खाडीपलीकडची | मंगळवार, दुपारी २:१०

कोशिका, खूप आभार. रक्तगटाचं हे इतकं नीट अडीच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. "जमणार नाही" एवढंच.

पण मग एक जनुक बंद केलं की झालं ना? बातमीत दहा, कुठे ६९ बदल म्हटलंय. एवढे कशाला?

---

कोशिका | मंगळवार, रात्री ९:३०

एक साखर काढली की तिच्यामागच्या दोन दिसायला लागतात. माणसाच्या रक्तात त्यांच्याविरुद्धही अँटीबॉडी असतात. त्यामुळे तीन साखरा काढाव्या लागतात, म्हणजे तीन जनुकं बंद.

तरीही भांडण मिटत नाही. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फौज असते, परकं दिसलं की भोकं पाडणारी. आपल्या स्वतःच्या पेशी तिच्यापासून वाचतात, कारण त्यांच्यावर "मी घरचा" असं सांगणारी प्रथिनं असतात. डुकराच्या पेशींवरची तशी प्रथिनं आपल्या फौजेला नीट ओळखू येत नाहीत. म्हणून माणसाची दोन जनुकं डुकरात घालतात. मग गुठळ्या. आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर रक्त गोठू न देणारं थ्रॉम्बोमॉड्युलिन असतं. डुकराचं थ्रॉम्बोमॉड्युलिन माणसाच्या रक्ताशी पुरेसं जुळत नाही आणि नव्या किडनीच्या बारीक नळ्यांत गुठळ्या साचतात. त्यासाठी माणसाची आणखी दोन जनुकं. माणसाची शेवटची दोन जनुकं: एक भक्षक पेशींना "मला खाऊ नका" सांगतं, दुसरं सूज आवरतं. तीन बंद, सहा नवी, नऊ झाली. दहावं तुम्हाला पटेल असं आहे: डुकराच्या वाढीच्या संप्रेरकाचा (हार्मोनचा) संदेश पकडणारा पेशीवरचा ग्राहक बंद करतात, नाहीतर ते हृदय किंवा किडनी माणसाच्या पोटात-छातीत डुकराच्या मापाने वाढत राहील.

हे बदल जिवंत डुकराला इंजेक्शन देऊन करत नाहीत. डुकराच्या कातडीतल्या पेशी बशीत वाढवतात, त्यांत बदल करतात, बरोबर बदललेली पेशी निवडून तिचं केंद्रक दुसऱ्या एका रिकाम्या केलेल्या बीजांडात घालतात आणि तो गर्भ डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवतात. डॉली मेंढी १९९६ साली जशी जन्मली तीच पद्धत.

व्हायरसचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर लिहीनच.

---

वसईची_वाडी | मंगळवार, रात्री १०:१५

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. डुकरीण व्यायला एवढे दिवस लागतात, माझ्या आजीच्या बोटांवर हा हिशेब होता. आमच्या वसईत पूर्वी बऱ्याच ख्रिस्ती घरांच्या मागे डुकरं असत. व्यायच्या रात्री आजी कंदील घेऊन खोपटात बसायची, कारण डुकरीण कुशीवर वळली तर पिल्लं चिरडतात. एकेक पिल्लू पुसून ती आचळाला लावायची, आणि प्रत्येक पिल्लू आपलं आचळ ठरवून घेतं, ते दुसऱ्याला देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डुक्कर घाणेरडं नसतं, आपण त्याला जागा घाणेरडी देतो. बुद्धीने कुत्र्याच्या बरोबरीचं जनावर आहे. म्हणून माझं एकच विचारणं: ज्या डुकरांच्या किडन्या घेतात ती जगतात कशी? मी विरोध करत नाही. आम्ही मांस खातो, त्यामुळे किडनीसाठी नको असं म्हणायचा मला हक्क नाही. पण धाग्यात एवढी माणसाची काळजी चाललीय, त्यात त्या जनावरासाठी दोन ओळी तरी असाव्यात.

---

कोशिका | बुधवार, सकाळी ७:२०

वसईची_वाडी, फार चांगलं केलंत विचारून. ती डुकरं गाळलेल्या हवेच्या बंद इमारतीत वाढतात, अन्न-पाणी तपासलेलं, आत जाणारा माणूस अंघोळ करून कपडे बदलून जातो. उघडं आभाळ, चिखल, त्यांना कधीच मिळत नाही. काही पिल्लं सिझेरियन करून काढतात आणि आईपासून लगेच वेगळी करतात, कारण आईकडून व्हायरस येऊ नये. तुमच्या आजीने जे केलं त्याच्या बरोबर उलट. मला स्वतःला याचं वाईट वाटतं, आणि तरीही मी या संशोधनाच्या बाजूने आहे.

---

कातळसडा | बुधवार, सकाळी ११:४०

राजापूरहून. कोशिका यांचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण दोन गोष्टी बोलायलाच हव्यात.

एक, कोविडमधून आपण नुकते बाहेर पडलोय. डुकराचा एखादा व्हायरस माणसाच्या शरीरात, तेही प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेल्या शरीरात, बसवला तर? तो त्या एका पेशंटपुरता राहील याची हमी कोण देणार?

दुसरं, ज्यांना बसवलं त्यातले बरेच जण काही महिन्यांत गेले. मग "सुरक्षित" हा शब्द आला कुठून? ताईंच्या घरात आशा लावताना हे लपवू नये.

---

कोशिका | बुधवार, रात्री १०:०५

लपवणार नाही. सगळं सांगते.

७ जानेवारी २०२२, बाल्टिमोर, मेरीलँड विद्यापीठाचं रुग्णालय. डेव्हिड बेनेट, वय ५७. माणसाचं हृदय मिळण्यासाठी ते पात्र ठरत नव्हते. डॉ. बार्टली ग्रिफिथ आणि डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन यांच्या चमूने दहा बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. पहिले काही आठवडे छान चाललं. ८ मार्चला ते गेले. नंतर त्या हृदयात डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. आधीच्या चाचण्यांत तो सुप्त असल्यामुळे सुटला होता. बबून माकडांवरच्या प्रयोगांतून जर्मन शास्त्रज्ञांनी आधीच दाखवलं होतं की हा व्हायरस असलेलं हृदय कमी दिवस टिकतं. हा व्हायरस बाहेरून लागतो, म्हणून पिल्लं वेगळी वाढवून आणि कडक चाचण्या करून तो टाळता येतो. बेनेट यांच्यानंतर चाचण्या बदलल्या.

दुसरा व्हायरस जास्त अवघड. तो डुकराच्या जनुकांतच शिवलेला असतो, लाखो वर्षांपूर्वी शिरलेला, पिढ्यान् पिढ्या उतरणारा. कितीही स्वच्छ डुक्कर पाळा, तो असणारच. १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की बशीतल्या माणसाच्या पेशींना तो लागू शकतो, आणि त्या भीतीने हे सगळं क्षेत्र बरीच वर्षं थंडावलं. पुढे क्रिस्पर आलं, म्हणजे जनुकं नेमक्या जागी कापायची कात्री, जिच्यासाठी एमान्युएल शार्पाँटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज चर्च यांच्या गटाने २०१५ मध्ये पेशींत या व्हायरसच्या ६२ प्रती एकदम निकामी केल्या, आणि २०१७ मध्ये असा व्हायरस निकामी केलेली पिल्लं जन्माला आली. बातमीतले ६९ बदल म्हणजे हेच: ५९ ठिकाणी हा व्हायरस निकामी, ३ साखरेची जनुकं बंद, ७ माणसाची जनुकं नवी. आजवर कोणा जिवंत माणसात हा व्हायरस पसरल्याचं दिसलेलं नाही. तरीही अशा पेशंटवर आयुष्यभर लक्ष ठेवायचं, रक्ताचे नमुने जपून ठेवायचे, असा नियम आहे. कातळसडा यांची शंका म्हणूनच रास्त आहे.

त्या ६९ बदलांच्या डुकराची किडनी १६ मार्च २०२४ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात रिचर्ड स्लेमन यांना बसवली, वय ६२. त्यांना आधी माणसाची किडनी मिळाली होती, ती गेली, पुन्हा डायलिसिस, आणि हातातल्या नसा सारख्या बंद पडायच्या. रक्त सुरू केल्यावर टेबलावरच किडनी गुलाबी झाली आणि लघवी सुरू झाली. ताई, हे वाचताना मला तुमची पोस्ट आठवली. सुमारे दोन महिन्यांनी ते गेले. मृत्यू प्रत्यारोपणामुळे झाल्याची खूण नाही असं रुग्णालयाने सांगितलं.

नोव्हेंबर २०२४, अलाबामाच्या टोवाना लूनी, वय ५३. त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या आईला किडनी दिली होती, पुढे उरलेली एक बिघडली. २०१६ पासून डायलिसिस. त्यांच्यात डुकराची किडनी १३० दिवस चालली. मग दुसऱ्या एका संसर्गामुळे औषधं कमी करावी लागली, शरीराने किडनी नाकारली, ती काढली आणि त्या डायलिसिसवर परतल्या. जिवंत. जानेवारी २०२५ मध्ये टिम अँड्र्यूज यांना बसवलेली किडनी २७१ दिवस टिकली, मग तीही काढावी लागली.

५४ तास, दोन महिने, १३० दिवस, २७१ दिवस. इतकंच माझ्याकडे आहे. किडनीबाबत एक फरक मात्र मोठा: ती बिघडली तर काढून पुन्हा मशीनवर जाता येतं. हृदयात ती सोय नाही. म्हणून मोठ्या चाचण्यांना अमेरिकेत २०२५ मध्ये परवानगी मिळाली ती किडनीच्या.

---

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:१५

वाचतो आहे. एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून लिहितो. हे आपल्या देशात २५ वर्षं आधी झालं होतं. जानेवारी १९९७, गुवाहाटीजवळ सोनापूर. डॉ. धनीराम बरुआ यांनी ३२ वर्षांच्या एका तरुणाला डुकराचं हृदय बसवलं. तो सात दिवस जगला. डॉक्टरांना १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली, ४० दिवस तुरुंगात काढावे लागले.

तेव्हा मी सावंतवाडीकडे शाळेत शिकवत होतो. स्टाफरूममध्ये पेपर वाचून आम्ही सगळे चिडलो होतो. आज कोशिकाताईंचा साखरेचा खुलासा वाचल्यावर कळतं की त्या काळी कुठलंही जनुक न बदललेलं हृदय टिकणं शक्यच नव्हतं. तो तरुण गेला याचं दुःख आहेच. अटकेची चूक-बरोबर मी ठरवणार नाही. पण पुरेशी तयारी नसताना केलेला प्रयोग आणि पावलापावलाने, परवानगी घेऊन, निकाल जगासमोर ठेवून केलेला प्रयोग यात फरक करायला आपण शिकलं पाहिजे.

तांडेल, तुम्ही म्हणालात कसंतरीच वाटलं. विष्णूने पृथ्वी वर काढायला रूप घेतलं ते वराहाचंच. माझ्या आईने त्याला रोज हात जोडले आणि त्याच आईने डुकराला दारातून हाकललं. दोन्ही मनापासून.

---

बाणकोटची | गुरुवार, दुपारी ३:३०

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, कारण डुकराचा विषय निघाला की आमच्या वतीने दुसरेच बोलतात. इथे कोणी तसं केलं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या अब्बांची हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले. धातूची, म्हणजे जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि सारखी रक्ततपासणी, जी बाणकोटहून कठीण. नाहीतर डुकराच्या झडपेपासून बनवलेली, नाहीतर गायीच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवलेली. या झडपा रसायनात मुरवून निर्जीव केलेल्या असतात. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. मग मौलानांना विचारलं. ते म्हणाले, जीव वाचवायला दुसरा इलाजच नसेल तर मुभा आहे, पण दुसरा इलाज असेल तर तो घ्या. आम्ही गायीची घेतली. शेजारच्या खाटेवरच्या काकांना गायीची नको होती, त्यांनी डुकराची घेतली. दोघं एकाच दिवशी घरी गेले, अजून एकमेकांना ईदला आणि दिवाळीला फोन करतात.

किडनीचं असं सरळ होईल असं मला वाटत नाही. डायलिसिस हा दुसरा इलाज मानायचा का? ज्याला तीन दिवस पहाटेची गाडी धरावी लागते त्यालाच हे विचारलं पाहिजे, बाहेरच्याने ठरवू नये.

---

मशीनवाला_चिपळूण | गुरुवार, रात्री ११:५०

ड्युटीवरून आत्ताच आलो. १४ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. पूर्ण धागा वाचला.

बाणकोटची ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने झोप उडाली, कारण आमच्याकडे त्यावर कोणी बोलत नाही. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून आम्ही हेपारिन देतो. ते हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढलेलं असतं. देवगडच्या वहिनी, दादांच्या शरीरात आठवड्यातून तीनदा ते जातंच आहे. डुकराचं इन्सुलिनही कित्येक वर्षं मधुमेहाच्या पेशंटना दिलं जायचं, माणसाच्या इन्सुलिनपेक्षा त्यात एकाच अमिनो आम्लाचा फरक. मी कोणाला धक्का द्यायला सांगत नाहीये. विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही, ते चुकतं असं मला वाटतं.

आता कातळसडा साहेबांच्या "सुरक्षित" शब्दाबद्दल. कशापेक्षा सुरक्षित, ते आधी ठरवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. मशीन बुडाली, आर.ओ. बुडाला, वीज नाही. माझा एक पेशंट माळ्यावर अडकला होता, डायलिसिस चुकलेलं. मी फोनवर ओरडून सांगत होतो, काका, पाणी पिऊ नका, केळी खाऊ नका, मदतवाल्यांनी दिलेली बिस्किटंसुद्धा बेताने. तिसऱ्या दिवशी वाट झाल्यावर त्यांना दुसऱ्या गावी नेलं तेव्हा पोटॅशियम एवढं वाढलेलं की हृदयाचे ठोके चुकत होते. वाचले. दरवर्षी पावसात झाड पडलं, घाट बंद झाला, एस.टी. रद्द झाली की माझ्या पोटात गोळा येतो. १३० दिवस मशीनशिवाय, हे आकडे तुम्हाला लहान वाटतील. माझ्या पेशंटना विचारा.

वहिनी, आता तुमच्यासाठी. डुकराची किडनी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. त्याआधी:

दादांचं नाव माणसाच्या किडनीच्या यादीत आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फतच नोंद होते. अडीच वर्षं गेली, आता आणखी दिवस फुकट घालवू नका.

बी आणि ओ जमत नाही म्हणून विषय संपत नाही. अदलाबदल प्रत्यारोपण कायद्याने चालतं: तुमची किडनी दुसऱ्या घरातल्या बी गटाच्या पेशंटला, त्यांच्या घरातली ओ गटाची दादांना. ओ गटाला जोडी मिळायला वेळ लागतो, म्हणूनच लवकर नाव द्या. काही ठिकाणी गट न जुळताही रक्तातल्या अँटीबॉडी काढून प्रत्यारोपण करतात. खर्च जास्त, पण विचारायला हरकत नाही.

आणि फिस्तुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडून केलेली नस. रोज सकाळी दादांच्या हातावर अंगठा ठेवून बघा, मांजर घुरघुरतं तशी थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर त्याच दिवशी सेंटरला या. त्या हातावर बी.पी. नको, रक्त काढायला देऊ नका, उशाला घेऊन झोपू नका.

---

कातळसडा | शुक्रवार, सकाळी ९:००

मशीनवाले, तुमचा प्रतिसाद वाचून माझा "सुरक्षित कुठून" हा सूर मी मागे घेतो. व्हायरसची काळजी मागे घेत नाही.

पण पैशांचं बोलूच. हे तंत्र आलं तरी पहिली कित्येक वर्षं ते कोकणात पोचणार नाही. आपल्याकडे किडनीचे डॉक्टर शोधायला घाट चढून कोल्हापूर नाहीतर खाली गोवा गाठावं लागतं. मेंदूमृत्यूला आपल्या कायद्याने १९९४ पासून मान्यता आहे, तरी महामार्गावर रोज अपघात होतात आणि अवयव मातीत जातात, कारण ते जपायला लागणारा अतिदक्षता विभाग आणि घरच्यांशी बोलणारा माणूस जवळ नसतो. माझा जोर त्यावर राहील.

---

कोशिका | शुक्रवार, दुपारी १:१५

शंभर टक्के मान्य. फक्त एवढंच की दान वाढवूनही पुरणार नाही. दाता मिळण्याची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी बसलेल्या अमेरिकेतही एक लाखाहून जास्त लोक वाट बघतायत. दोन्ही कामं करायला हवीत.

---

तांडेल | शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

मास्तरांनू, पटला. आईक वाचून दाखयलंय. ती म्हणता, "जीव रवलो तर देव भेटतलो."

वयनी, कोल्हापुराक नायतर गोव्याक जावचा झाला तर सांगा. माझी गाडी आसा, आणि समुद्र बंद आसताना माका दुसरा काम नाय.

---

खाडीपलीकडची | शनिवार, रात्री ९:१०

उत्तर द्यायला उशीर झाला. काल डायलिसिसच्या चार तासांत ह्यांनी हा पूर्ण धागा वाचला. शेजारच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. हेपारिनचं वाचल्यावर ह्यांनी नर्सला विचारलं, तिने बाटलीवरची बारीक अक्षरं दाखवली. खरंच लिहिलेलं होतं. हे म्हणाले, "अडीच वर्षं ते डुक्कर माझ्यासाठी राबतंय आणि मला ठाऊकही नाही." मग वसईच्या ताईंचं दोनदा वाचलं.

नाव नोंदवलेलं नव्हतं, मशीनवाले दादा. खेपा कशा जमतील, पैसे कुठून, या विचारात राहून गेलं. चूक आमचीच. सोमवारी सेंटरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतोय आणि पुढच्या मंगळवारी कोल्हापूर. तांडेल, तुमच्या गाडीचं ह्यांना सांगितलं. आधी नको नको म्हणाले, मग हो म्हणाले. पहाटे पाचला निघू. नंबर इथे टाकू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. अदलाबदलीसाठी माझंही नाव देणार आहे.

ह्यांचा एक प्रश्न आहे, मला लिहायला सांगितलाय. त्या अलाबामाच्या बाईंना त्या १३० दिवसांत पाणी मोजून प्यावं लागलं असेल का?

---

मशीनवाला_चिपळूण | शनिवार, रात्री ११:३०

दादा, त्या बाईंचं नेमकं त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक. पण किडनी चालू लागली की आम्ही पेशंटला उलट सांगतो, पाणी कमी पडू देऊ नका. माझा एक पेशंट प्रत्यारोपणानंतर मला भेटायला आला होता, हातात दोन लिटरची बाटली. माझ्यासमोर बसून त्याने अर्धी संपवली आणि मला काही बोलता येईना.

मंगळवारी जाताना दोघांच्या रक्तगटाचे मूळ रिपोर्ट, गेल्या तीन महिन्यांचे क्रिएटिनिन-पोटॅशियमचे कागद, आधार आणि रेशनकार्ड घ्या, झेरॉक्सचे दोन संच. सोमवारचं डायलिसिस चुकवून जाऊ नका.